पॅरिशचा रकाना

‘कॉन्व्हेंट’ हा शब्द आपण मराठी माणसांनी फार सैल हाताने वापरला आहे. विदर्भात कविसंमेलनाला जाताना एस.टी.च्या खिडकीतून पाट्या वाचत जायची मला खोड आहे. कुठल्या तरी देवाच्या, संताच्या, नाहीतर संस्थाचालकांच्या आजोबांच्या नावापुढे ठळक अक्षरांत ‘कॉन्व्हेंट’ लिहिलेले दर दोन-चार गावांमागे दिसते. आत बालवाडी भरते आणि पोरे टाय लावून ‘जॉनी जॉनी’ म्हणतात. लग्नाच्या जाहिरातींत तर ‘कॉन्व्हेंट शिक्षित’ हा शब्द कितीतरी वर्षे गोऱ्या रंगाच्या आणि पाच फूट चार इंच उंचीच्या पंक्तीला बसत होता. अर्थ एवढाच, की मुलगी इंग्रजी बोलते.

खरे म्हणजे कॉन्व्हेंट हा ख्रिस्ती जोगिणींचा मठ. संसार न करता व्रतस्थ राहणाऱ्या सिस्टर जिथे एकत्र राहतात ते घर. त्यांनी मठाला लागून मुलींसाठी वर्ग काढले, म्हणून ती कॉन्व्हेंट शाळा. मुलांच्या शाळा बहुधा धर्मगुरूंच्या संघांनी काढल्या. तिथे मठ नाही, म्हणून त्यांना कॉन्व्हेंट म्हणणे चूक. आमच्या वांद्र्याला हिल रोडवर हा फरक चालता चालता दिसतो. सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट ही ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या संघाच्या सिस्टरांची, म्हणून अस्सल कॉन्व्हेंट. आणि त्याच रस्त्यावरची सेंट स्टॅनिस्लॉस हायस्कूल ही जेझुइट धर्मगुरूंनी काढलेली मुलांची शाळा. हिल रोडचे नाव आता रामदास नायक मार्ग आहे, पण रिक्षावाल्याला तसे सांगून पाहा.

आज मला बोलायचे आहे ते या स्टॅनिस्लॉसविषयी, आणि तिच्या निमित्ताने उपनगरातल्या कॅथलिक शाळा चालतात कशा, त्यांत कोण शिकते, कोणाच्या बळावर शिकते, याविषयी. मी स्वतः त्या शाळेत एक दिवसही बसलेलो नाही. मी म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेचा. माझा धाकटा भाऊ मात्र तिथे पहिलीपासून मॅट्रिकपर्यंत शिकला. एका घरात दोन भाऊ दोन भाषांत कसे वाढले, हे सांगायला लागलो की मला त्या शाळेच्या फाटकाशी यावेच लागते.

स्टॅनिस्लॉस सुरू झाली १८६३ साली. तेव्हा वांद्रे मुंबईत नव्हते. साष्टी बेटाच्या टोकाचे ते एक गाव होते. माहीमची खाडी ओलांडायला १८४५ मध्ये बांध झाला होता, पण रेल्वे अजून वांद्र्याहून मुंबईत पोचली नव्हती. म्हणजे शाळा गाडीच्याही आधीची. आणि ती काही साहेबांच्या पोरांसाठी निघाली नव्हती. सुरुवात झाली ती एतद्देशीय अनाथ मुलांच्या आश्रमापासून. ज्या संस्थेच्या नावाला पुढे प्रतिष्ठेचे वलय आले, तिचा पाया आईबाप नसलेल्या काळ्यासावळ्या पोरांनी घातला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. हिल रोडवरच सेंट अँड्र्यूज ही शाळा आहे. ती आणखी जुनी, आपले साल १७८० सांगते. तीही गावच्या चर्चच्या आधाराने उभी राहिलेली.

या जेझुइटांची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी. स्पेनमधल्या लोयोलाच्या इग्नेशियसने १५४० मध्ये हा संघ स्थापला, आणि शाळा काढणे हे थोड्याच वर्षांत त्याचे मुख्य काम झाले. १५३४ पासून वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे होती. त्या काळात वांद्र्याला जेझुइट होते. पुढे साष्टी आणि वसई मराठ्यांनी घेतली, १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांकडे गेली. दरम्यान १७७३ मध्ये पोपनेच जेझुइट संघ बरखास्त केला, १८१४ मध्ये पुन्हा उभा केला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत जे जेझुइट आले ते बरेचसे जर्मन होते. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी या जर्मन पाद्र्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध केले आणि मायदेशी धाडले. मग त्यांच्या जागी स्पेनमधून माणसे आली. शाळा चालूच राहिल्या. राजे बदलले, पाद्री बदलले, घंटा मात्र वेळेवर होत राहिली.

आता शाळेचे नाव. स्टॅनिस्लॉस कोस्त्का हा पोलंडमधल्या सरदार घराण्यातला मुलगा. व्हिएन्नाला जेझुइटांच्या शाळेत शिकत होता. त्याला त्यांच्या संघात जायचे होते, आणि वडिलांचा सक्त विरोध होता. थोरला भाऊ सोबत होता, तो मारहाण करी. एके दिवशी हा मुलगा साध्या कपड्यांत घर सोडून निघाला आणि पायी चालत आल्प्स ओलांडून रोमला पोचला. तिथे त्याला संघात घेतले. वर्षही पुरे झाले नाही, आणि १५ ऑगस्ट १५६८ रोजी, वयाच्या सतराव्या वर्षी, तो तापाने गेला. १७२६ मध्ये त्याला संतपद मिळाले. म्हणजे बापाचे न ऐकता धर्मासाठी घर सोडणाऱ्या मुलाच्या नावाची ही शाळा. हे आमच्या अब्बांना ठाऊक नव्हते, हे एक बरेच झाले.

अब्बा शिंपी होते. रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले कोकणी मुसलमान, मराठी चौथी पास. बाजार रोडवर एका गाळ्याच्या पुढच्या भागात त्यांचे मशीन होते. मे महिना लागला की गाळ्यात शाळांच्या गणवेशांचे कापड येऊन पडे. वांद्र्यातल्या शाळा अब्बांना नावाने कमी आणि कापडाच्या रंगाने जास्त ठाऊक होत्या. आपल्या हाताने शिवलेला गणवेश आपल्या मुलाने घालावा, एवढी साधी त्यांची हौस. म्हणून १९७५ मध्ये मला घेऊन ते एका शाळेत गेले. त्या शाळेचे नाव मी घेणार नाही. टेबलापलीकडून आईवडिलांना इंग्रजीत प्रश्न विचारले गेले. अम्मी बुरख्यात घामाने भिजली आणि अब्बा ‘येस सर’ एवढेच म्हणत राहिले. मला प्रवेश मिळाला नाही. मी म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत गेलो. आज मी मराठीत कविता लिहितो याचे श्रेय त्या टेबलापलीकडच्या माणसाला द्यावे की काय, असे कधी कधी मनात येते, पण देत नाही. अम्मीचा घाम मला आठवतो.

चार वर्षांनी धाकट्याची वेळ आली. यावेळी अब्बा शिवलेल्या चड्ड्यांचे गाठोडे घेऊन स्टॅनिस्लॉसच्या एका शिक्षकांच्या घरी गेले होते. बोलता बोलता विषय निघाला. शिक्षक म्हणाले, फॉर्म तर आणा. फॉर्म आणला. इंग्रजी फॉर्म आमच्या चाळीतल्या एका गोवेकर काकांनी भरून दिला. त्यात ‘पॅरिश’ असा एक रकाना होता. पॅरिश म्हणजे धर्मग्राम. एका चर्चच्या छत्राखाली येणारी वस्ती. कॅथलिक मुलगा कोणत्या चर्चच्या हद्दीतला, हे त्यावरून कळते. काकांनी त्या रकान्यात आडवी रेघ मारली. अब्बांनी विचारले, इथे काहीच नाही लिहायचे? काका म्हणाले, ‘तुमका ना.’ अब्बांचा चेहरा उतरला. त्यांना वाटले, या रेघेवर मुलगा अडणार. पण नाही अडला.

इथे थांबून मी तुम्हाला एक गोष्ट समजावून सांगतो, कारण या रेघेचा आणि आपल्या राज्यघटनेचा जवळचा संबंध आहे.

घटनेच्या तिसाव्या कलमाने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. अशा संस्थेला अनुदान देताना, ती अल्पसंख्याकांची आहे म्हणून सरकारने भेदभाव करायचा नाही, असेही तिथे म्हटले आहे. घटना समितीत एक जेझुइट धर्मगुरूही बसत होते. मद्रासचे फादर जेरोम डिसूझा. १९४९ मध्ये धर्माच्या पायावरच्या विधिमंडळातल्या राखीव जागा रद्द झाल्या. ख्रिस्ती सभासदांनी त्या आनंदाने सोडल्या. कायदेमंडळातली खुर्ची सोडली आणि शाळेचे बाक राखले, असा तो व्यवहार. मला तो शहाणपणाचा वाटतो. हेच कलम १८७४ पासून मुंबईत उभ्या असलेल्या अंजुमन-ए-इस्लामच्या शाळांनाही सांभाळते. तेव्हा हिल रोडवरच्या या शाळेच्या हक्काला धक्का लागला, तर तो तिथेच थांबत नाही.

पण शेजारचे एकोणतिसावे कलम दुसरे काही सांगते. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेने केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून कोणा नागरिकाला प्रवेश नाकारायचा नाही. स्टॅनिस्लॉससारख्या अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकार देते. मग शाळा समाजाची की सरकारची? आपल्या समाजाच्या मुलांना आधी घ्यायचे की रांगेत पहिल्या आलेल्याला? ही दोन कलमे एका अंगणातल्या दोन जावांसारखी आहेत. त्यांचा संसार लावून देण्यात सर्वोच्च न्यायालयाची कित्येक वर्षे गेली. १९५८ मध्ये केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देताना न्यायालय म्हणाले, की बाहेरची काही मुले घेतल्याने अल्पसंख्याकांची शाळा आपले रूप गमावत नाही. २००२ मध्ये अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले, की अनुदान घेणाऱ्या संस्थेने आपल्या मुलांना प्राधान्य द्यावे, पण बाहेरच्यांनाही वाजवी प्रमाणात जागा द्यावी. चाळीतल्या काकांनी मारलेली रेघ म्हणजे हे ‘बाहेरचे’ मूल. माझा भाऊ.

त्याहून जुना एक खटला आपल्या राज्यातला आहे, आणि तो आज फारसा कोणाला आठवत नाही. ६ जानेवारी १९५४ रोजी तेव्हाच्या मुंबई सरकारने हुकूम काढला, की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी यापुढे ज्यांची भाषाच इंग्रजी आहे त्यांनाच, म्हणजे अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाच्या नागरिकांच्या मुलांनाच, प्रवेश द्यावा. बाकीच्यांनी देशी भाषांत शिकावे. नाशिकजवळच्या देवळालीला बार्न्स हायस्कूल आहे. कॅथलिक नव्हे, प्रॉटेस्टंट संस्थेची. तिथे एक भारतीय ख्रिस्ती बाप आणि एक गुजराती हिंदू बाप आपापले मूल घेऊन गेले. हुकमामुळे दोघांनाही परत फिरावे लागले. त्या ख्रिस्ती घरात इंग्रजीच बोलत असत, पण ते अँग्लो-इंडियन नव्हते, म्हणून तेही बाहेर! प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. तिथे मुख्य न्यायमूर्ती होते महमदअली करीम छगला. मुसलमान घरातले, आणि मुंबईच्या जेझुइटांच्या सेंट झेवियर्समध्ये शिकलेले. हुकूम टिकला नाही. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही २६ मे १९५४ रोजी हरले. देशी भाषा वाढवण्याचा हेतू चांगला असेल, पण भाषेच्या कारणावरून नागरिकाच्या मुलाला दार बंद करता येणार नाही, असा त्याचा सारांश.

मी मराठीचा माणूस आहे. त्या हुकमामागची तळमळ मला कळते. इंग्रजी शाळांनी आमच्या भाषेची हुशार पोरे ओढून नेली, ही गोष्ट काही खोटी नाही. पण तो हुकूम राहिला असता तर इंग्रजी फक्त गोऱ्या आणि अर्धगोऱ्या घरांत उरली असती, आणि शिंप्याच्या मुलाने कुठली शाळा मागायची हे मंत्रालयात ठरले असते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मला त्यांचा मेळ घालता आलेला नाही.

भाऊ शाळेत जाऊ लागला. पहिल्या सहामाहीत त्याच्या दप्तरातून एक पुस्तक निघाले. ‘मॉरल सायन्स’. अब्बांनी उलटसुलट करून पाहिले. चित्रात पांढऱ्या कपड्यांतला एक दाढीवाला माणूस मेंढरू उचलून उभा. चाळीत चर्चा झाली. कोणी म्हणाले, असेच सुरू होते. कोणी म्हणाले, अजून वेळ आहे, नाव काढून घ्या. रात्री अब्बा झोपले नाहीत. सकाळी गाळा न उघडता ते शाळेत गेले, आणि मला सोबत नेले, कारण मी चौथीत होतो आणि त्यांच्या मते शिकलेला होतो.

समोर एक वयस्क फादर बसले होते. अब्बांनी कोकणी ढंगाच्या मराठीत विचारले, की मुलाला तुम्ही नेमके काय शिकवता? फादरांनी भिंतीवरचे वेळापत्रक काढून टेबलावर ठेवले आणि एका तासावर बोट ठेवले. या तासाला वर्ग दोन होतात, ते म्हणाले. कॅथलिक मुले दुसऱ्या खोलीत धर्मशिक्षणाला जातात. तुमचा मुलगा इथेच बसतो, त्याला मॉरल सायन्स. खोटे बोलू नये, चोरी करू नये, आईबापाचे ऐकावे. मग त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. ‘तेही नको असेल तर लिहून द्या. तो त्या तासाला ग्रंथालयात बसेल.’

अब्बा कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘आईबापाचे ऐकावे हे शिकवत असाल तर शिकवा.’ आणि उठले.

पुढे बी.ए.ला असताना एका मित्राच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात मी घटनेचे अठ्ठाविसावे कलम वाचले. मान्यताप्राप्त किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कोणालाही त्याच्या, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला लावता येत नाही. तेव्हा मला तो कोरा कागद आठवला. कलम कागदावर असते हे आपल्याला ठाऊक असते. ते असे टेबलावरून सरकत आपल्यापुढे येते, हे मी पाहिले आहे. सगळ्या शाळांत आणि सगळ्या काळात ते इतक्या सरळपणे पुढे येते असे माझे म्हणणे नाही. प्रार्थनेच्या वेळी हात जोडायचे की नाही, नाताळच्या नाटकात मेंढपाळ व्हायचे की नाही, असे बारीक प्रश्न घरोघर निघतच. भाऊ मेंढपाळ झाला होता. त्याचा झगा अब्बांनीच शिवला.

या शाळेचे दुसरे वेड म्हणजे हॉकी. मुंबईच्या हॉकीत स्टॅनिस्लॉसचे नाव मोठे आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेला विरेन रास्किना इथलाच. आमच्या भावाला हॉकीने काही दिले नाही, एक मोडका दात सोडला तर. पण मैदानावर त्याच्या संघात कोळी होते, गोवेकर होते, सिंधी होते, बोहरी होता. दुसऱ्याच्या सणाला त्याच्या घरी जेवायला जायचे असते, हे तो तिथे शिकला. आमच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत सगळे आमच्यासारखेच गरीब होते. तिथली एकजूट वेगळी, आणि तीही काही कमी नव्हती.

आता मराठीविषयी. वांद्र्याचे मूळचे कॅथलिक म्हणजे ईस्ट इंडियन. नावावरून घोटाळा होतो, पण ही माणसे पूर्वेची नव्हेत, इथलीच. चिंबई, रानवार, पाली, शेर्ली अशा गावठाणांतले आगरी-कोळी-कुणबी वळणाचे भूमिपुत्र. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा, गोव्याहून आलेल्या ख्रिस्त्यांपासून आपण वेगळे आहोत हे सरकारला कळावे म्हणून, त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या नावावरून हे नाव घेतले. त्यांची बोली मराठीची. लग्नातली गाणी मराठी, शिव्या तर विचारूच नका. पण त्यांच्याच गावात, त्यांच्याच चर्चच्या सावलीतल्या शाळांत मराठी झाली एक दुय्यम विषय. इंग्रजी नोकरी देत होती, गोवा आणि मंगळूरहून आलेल्यांशी इंग्रजीतच बोलावे लागे. आजीची बोली नातवाला ‘घाटी’ वाटू लागली. याचा दोष एकट्या शाळेला देता येणार नाही, पण शाळेने तो प्रवाह अडवलाही नाही.

अपवाद असतातच. भावाला आठवीत मराठी शिकवणाऱ्या बाई वसईहून गाडीने येत. वसईच्या कॅथलिकांची गोष्ट वेगळी. तिथे घरात, शेतात आणि चर्चमध्ये मराठी टिकली. ‘सुवार्ता’सारखे मासिक तिथून निघते. त्याचे संपादन पुष्कळ वर्षे करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले. तर या बाईंना भावाकडून कळले, की याचा थोरला भाऊ कविता करतो. त्यांनी भावाच्या हाती एक जाडजूड पुस्तक पाठवले. ‘ख्रिस्तपुराण’. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला, आणि बायबलातली कथा त्याने दहा हजारांवर मराठी ओव्यांत सांगितली. १६१६ मध्ये ती रायतूरला रोमन लिपीत छापली गेली. माझ्या हाती आलेली प्रत शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये देवनागरीत आणलेल्या आवृत्तीची होती.

मी तेव्हा सतरा वर्षांचा. श्रीगोंद्याचे शेख महंमद आणि त्यांचा ‘योगसंग्राम’ मी ऐकून होतो. मुसलमानाने मराठी ओवी लिहिली आहे, हा माझा आधार होता. आता कळले, की जवळपास त्याच काळात एक इंग्रज पाद्रीही ओवी लिहीत होता. ओवीने कोणाचा पॅरिश विचारला नव्हता. ज्या शाळेने मला इंग्रजी दिली नाही, तिच्यासारख्याच दुसऱ्या एका शाळेच्या दारातून मला मराठीचे हे दालन उघडून मिळाले. पुस्तक मी परत केले नाही. बाई निवृत्त झाल्या, पत्ता हरवला. प्रत अजून माझ्याकडे आहे.

आजचे चित्र काय आहे? वांद्र्याच्या जमिनीला सोन्याचा भाव आला आणि मध्यमवर्गी कॅथलिक कुटुंबे वसई-विरारकडे सरकली. श्रीमंतांची मुले आता वेगळ्या, वातानुकूलित शाळांत जातात. राज्य मंडळाचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या जुन्या मिशनरी शाळांत मुले येतात ती बरीचशी ड्रायव्हर, दुकानदार, कारकून यांच्या घरची. २०२० मध्ये राज्याने कायदा करून सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. कायद्याने तास मिळतो. शिकवणारी बाई वसईहून आणावी लागते.

आणि एक अवघड प्रश्न उरतोच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवायला सांगितल्या आणि प्रवेशासाठी आईबापांची मुलाखत घ्यायला बंदी केली. पण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू होत नाही. कारण तेच, तिसावे कलम. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ मध्ये पाहणी केली, तेव्हा ख्रिस्ती संस्थांच्या शाळांत सुमारे ७४ टक्के मुले अल्पसंख्याक समाजांबाहेरची आढळली. आणि सगळ्या अल्पसंख्याक शाळा धरल्या तर दुर्बल घटकांतली मुले नऊ टक्क्यांहूनही कमी. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी २०१४ च्या निकालाबद्दल शंका नोंदवली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे सुचवले. त्यातले मुख्य अपील महाराष्ट्रातल्याच एका मुस्लिम शिक्षणसंस्थेचे होते.

या आकड्यांवरून मिशनरी शाळांना झोडपणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही, कारण त्यातल्या बऱ्याच जणांचा गरीब मुलांशी संबंध तेवढ्या वाक्यापुरता असतो. पण आकडा मला बोचतो. समाजाने आपली शाळा आपल्या हाती ठेवावी, हा हक्क मला हवा आहे, माझ्याही समाजासाठी हवा आहे. तरी त्या हक्काच्या आडोशाने टेबलापलीकडून आईबापांना इंग्रजीत प्रश्न विचारले जाणार असतील, तर मी टेबलाच्या अलीकडे उभा आहे. माझ्या भावाला प्रवेश मिळाला तो कायद्याने नव्हे, एका शिक्षकाच्या चांगुलपणाने. मला मिळाला नाही, तोही कायद्याने नव्हे. अनाथ मुलांसाठी उघडलेल्या दाराशी आज शिंप्याने कोणाच्या चांगुलपणाची वाट पाहावी?

भाऊ आता परदेशी जहाजांच्या मालाची कागदपत्रे पाहतो, इंग्रजीत विचार करतो. माझा नवा संग्रह निघाला की मी त्याला प्रत देतो. तो एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचतो आणि जोडाक्षराशी अडला की मला फोन करतो.

मागच्या हिवाळ्यात प्रवेशाच्या दिवसांत मी हिल रोडने चाललो होतो. बसस्टॉपच्या बाकावर एक बाई मांडीवर फॉर्म पसरून बसली होती, शेजारी पाच-सहा वर्षांचे पोर पाय हलवत होते. माझ्या खिशाला पेन दिसले म्हणून तिने विचारले, ‘चाचा, यहाँ क्या लिखते?’ तिचे बोट पॅरिशच्या रकान्यावर होते. मी म्हटले, ‘लकीर खींचो, बेटा.’ ती म्हणाली, ‘लकीर से चलेगा?’

मी पेन काढून तिच्या हातात दिले.